माउंट मेलरेला मंक भेटतील का?

प्रश्न: मुलगा आयर्लंडमध्ये कॉर्कला नोकरीला आहे, मे महिन्यात आम्ही दोघं जातोय. तो म्हणतो माउंट मेलरे नावाच्या गावात जुना मठ आहे, तिथेच दोन दिवस राहू. पण तिथले मंक म्हणे शवपेटीत झोपतात! खरं का हो? — एक वाचक, नाशिक

उत्तर: शवपेटीचं आधी निकालात काढू. जेम्स जॉइसच्या 'द डेड' कथेत जेवणाच्या टेबलावर या गप्पा रंगतात, पण ती निव्वळ अफवा. गंमत म्हणजे हे ट्रॅपिस्ट (कॅथलिक मंकांचा एक कडक पंथ) लोक परंपरेने दफनसुद्धा पेटीशिवायच करतात, अंगावरच्या झग्यासकट सरळ मातीत, मग झोपायला कुठली पेटी!

दुसरं, गाव असं काही नाहीये. वॉटरफर्ड काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) कॅपोक्विन गावापासून वर नॉकमिलडाउन डोंगराच्या उतारावर मठ, आसपास शेतं, आणि मठाच्या जुन्या बोर्डिंग शाळेत स्काउट सेंटर, संपलं. फ्रान्समधल्या मेलरे मठातून हाकललेल्या आयरिश मंकांनी १८३०च्या दशकात इथे बस्तान बसवलं, कॅपोक्विनच्या सर रिचर्ड कीन यांनी जमीन दिली ती पण कसली, नुसतं झुडपं आणि दगडधोंड्यांचं माळरान, ते यांनी हाताने साफ केलं. आता दिसतं ते मोठं चर्च मात्र नंतरचं. १९२२ मध्ये यादवी युद्धात मिचेल्सटाउनचा किल्ला जाळला गेला, त्याचे घडीव दगड मंकांनी विकत घेतले आणि वाफेच्या लॉऱ्यांनी वाहून आणले, कितीतरी वर्षं हेच चालू होतं, शेवटी दगड इतके झाले की उरलेले शेतात रचून ठेवावे लागले. एवढा हिशेब चुकलेला बघून मला जरा बरंच वाटतं, माणसंच ती.

पण मंक बघायला जात असाल तर उशीर झाला. संख्या घटत गेली, म्हणून मेलरे, मेलिफाँट आणि रॉसक्रे हे तीन मठ एकत्र केले आणि जानेवारी २०२५ मध्ये इथले मंक रॉसक्रेला गेले. शाळा तर १९७४ लाच बंद पडलेली. आता मुक्कामाला येतात ती स्काउटची पोरं, तंबू-बिंबू घेऊन. त्यामुळे राहायचं कॅपोक्विन नाहीतर लिसमोरला बघा आणि दिवसा वर जाऊन या. कॅशेल ते आर्डमोर ही सेंट डेक्लनची पायवाट इथूनच जाते, गुडघे साथ देत असतील तर तिचा थोडा तुकडा चाला. स्वेटर मात्र न्याच, मे असला तरी.