वाचकांचे प्रश्न : आज्जांची चार पदके

प्रश्न : आमचे गाव खानापूर तालुक्यात आहे. माझे आजोबा, ज्यांना घरात सगळे आज्जा म्हणत, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढले. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत चार पदके निघाली : दोन सहा टोकांच्या ताऱ्यांसारखी आणि दोन गोल. एका गोल पदकावर राजाचे चित्र असून मागे इंग्रजीत 'रणांगणावरील शौर्याबद्दल' या अर्थाचे शब्द आहेत. चुलते त्याला वीरचक्र म्हणतात आणि वेशीवरच्या फलकावर तसेच लिहायचे ठरले आहे. चौघा भावांनी एकेक पदक वाटून घ्यावे, असेही चालले आहे. मला आज्जा आणि आज्जी यांच्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : फलकाचे काम आधी थांबवा. वीरचक्राची स्थापना 26 जानेवारी 1950 रोजी झाली आणि ते 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या पराक्रमासाठी लागू झाले, त्यामुळे इटलीतील लढाईसाठी ते मिळणे शक्य नाही. तुम्ही केलेल्या वर्णनावरून ते पदक 'मिलिटरी मेडल' आहे. हे पदक 1916 मध्ये सुरू झाले आणि प्रत्यक्ष रणांगणावर शौर्य दाखवणाऱ्या शिपाई, नाईक, हवालदार यांना दिले जाई. चुलत्यांना यात कमीपणा वाटायचे कारण नाही, उलट आज्जांनी खरोखर कमावलेले नाव फलकावर येईल. दोन तारे आणि दुसरे गोल पदक ही बहुधा मोहिमेतील सहभागाची पदके आहेत. त्यांतील लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल अशा पाच पट्ट्यांची फीत असलेला तारा इटलीचा.

आता ते शौर्यपदक उजेडात आडवे धरून त्याची कड वाचा. तेथे क्रमांक, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट कोरलेली असते. त्यात '5 मराठा' असे आढळले तर त्याचा अर्थ पाचवी बटालियन असा लावू नका, कारण 1922 च्या पुनर्रचनेनंतर संपूर्ण रेजिमेंटलाच पाचवा क्रमांक होता आणि बटालियनचा आकडा त्याच्या आधी लिहीत. नाईक यशवंत घाडगे, ज्यांना 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या खोऱ्यातील पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला, ते 3/5 चे, म्हणजे तिसऱ्या बटालियनचे, तर 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर तोच सन्मान मिळवणारे शिपाई नामदेव जाधव 1/5 चे. आज्जा कोणत्या बटालियनमध्ये होते हे कळल्याशिवाय त्यांच्या लढाईचे वर्णन लिहू नये. आणि कृपा करून पदके चिंच किंवा राखेने घासू नका. चकाकी येईल, पण कोरलेली अक्षरे झिजतील.

मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगावातच आहे. अर्जासोबत डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनच्या कागदाची प्रत जोडा आणि गावाचे नाव जुन्या कागदावर जसे आहे तसेच लिहा. आज्जा भरती झाले तेव्हा आपला जिल्हा मुंबई प्रांतात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि 2014 पासून सरकारी कागदांवर 'बेळगावी' आले. आजचा उतारा कानडीत, जुना कागद इंग्रजीत आणि गावाचे नाव कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे, असा प्रकार आपल्या भागात घरोघरी आहे. हा फरक अर्जात दोन ओळींत समजावून सांगितला तर फेऱ्या वाचतात.

पदके वाटण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. शेत वाटता येते, कारण तुकडा झाला तरी ते शेतच राहते. ही चार पदके मात्र एका माणसाच्या सेवेची एकच ओळ आहेत. ती एका घरी एकत्र ठेवावीत आणि बाकीच्या तीन घरी त्यांची चांगली छायाचित्रे फ्रेम करून लावावीत.

पुस्तिकेचा मोठा भाग मात्र आज्जींकडे जायला हवा, असे मला वाटते. आज्जा इटलीत असताना भाताची लावणी कोणी केली, बैल कोणाचे मागून आणले, मनिऑर्डर आली की पोस्टमनसमोर अंगठा कोण उठवत असे, पत्र वाचून दाखवायला कोणाच्या दारात जावे लागे आणि त्याने सगळे वाचले की मधले काही गाळले, हे घरातील सर्वांत वृद्ध आत्याला विचारा. 'आज्जा कसे होते?' असे विचाराल तर 'चांगले होते' एवढेच उत्तर मिळेल, म्हणून प्रश्न वस्तूंचे विचारा. चुलत्यांच्या आणि आत्यांच्या जन्मतारखाही मांडा. फौजी घरात दोन भावंडांतील अंतरावरून वडिलांची रजा केव्हा झाली हे बऱ्यापैकी कळते, आणि वयस्कर मंडळी यावर हसतात, पण माहिती नाकारत नाहीत.

शेवटी त्या ट्रंकेविषयी. अशा ट्रंकांच्या झाकणावर पुष्कळदा पांढऱ्या रंगाने क्रमांक आणि नाव लिहिलेले असते. ते पदकाच्या कडेशी ताडून पाहा, छायाचित्र घ्या, आणि घरात कोणी ट्रंकेला नवा रंग द्यायचे म्हणत असेल तर त्यांना तेवढे होईपर्यंत थांबवा.