रात्रपाळी नवी असेल तर आधी खाण्याच्या वेळा लावून घे

अकरा ते सातची पाळी असेल, तर मुख्य जेवण रात्री नऊच्या आत घरीच उरक: भाकरी, उसळ, भाजी, ताक. मध्यरात्रीनंतर शरीराला साखर दिवसाइतकी नीट हाताळता येत नाही. दोन वाजता कॅन्टीनचा भात आणि वडे हाणलेस, की चारला पेंग येते आणि सकाळी आडवं पडताच छातीत जळजळ. दोनला मूठभर फुटाणे, एखादं उकडलेलं अंडं किंवा केळं पुरे.

चहा एकपर्यंतच. चहातल्या झोप उडवणाऱ्या कॅफीनपैकी साधारण निम्मं पाच-सहा तासांनीही अंगात असतं, मग आठला झोप कशी लागणार?

स्वभावही बघ. चोख, कामसू माणूस मधली सुट्टी बुडवून मशीनपाशीच बिस्किटं खातो (आणि वर त्याचं कौतुक होतं!). त्याने सुट्टीची वेळ सुपरवायझरकडून ठरवूनच घ्यावी. गप्पिष्टाचं उलटं: टोळक्याबरोबर चार कप सहज होतात, त्याने छोटा पेला जवळ ठेवावा. पहाटे आपसूक जाग येणाऱ्यांना ही पाळी जास्त जड जाते; तो आळस नव्हे.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर पाळी सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून वेळा बदलून घे.