लिलावातलं जुनं फर्निचर : दीडपटीला द्यावं की थांबावं?

प्रश्न : लिलावात एकाच लॉटमध्ये जुनं ड्रॉवरचं कपाट आणि डायनिंगच्या सहा खुर्च्या घेतल्या. दुरुस्त करून विकायचा विचार आहे. असं कपाट आणि अशा खुर्च्या मिळून बोलीच्या तिपटीला ऑनलाइन लावलेल्या दिसतात. मेहुणे म्हणतात, दुपटीच्या वर मागणं ही लूट आहे. दरम्यान ओळखीच्या एका गृहस्थांनी सगळं आहे त्या अवस्थेत बोलीच्या दीडपटीला मागितलंय. देऊन टाकू का? आणि हे जमलं तर बचतीतले आणखी पैसे पुढच्या लिलावात घालू का?

उत्तर : हिशेब सोपा व्हावा म्हणून तुमची बोली १०० धरतो. तुम्ही कळवलेले आणि माझे अंदाजाचे, सगळे आकडे याच मापात.

बोलीवर लिलावगृहाचं कमिशन आणि त्यावरचा कर मिळून २४ गेले, वाहतूक आणि हमालीचे १४. म्हणजे माल दारात उतरला तेव्हाच तो १३८ ला पडला होता. दीडपट ऐकायला छान वाटते, पण १५० ला विकलं तर हातात १२ उरतात. हातोडा पडला ती आपली खरेदी किंमत, असं धरणारे बहुतेक जण इथेच फसतात.

आता लूट की रास्त, हा प्रश्न. मेहुण्यांचं दुपटीचं माप मला पटत नाही, आणि तुमचं तिपटीचंही नाही. तुम्हाला वस्तू कितीला पडली याच्याशी गिऱ्हाइकाला देणंघेणं नसतं. स्वस्तात मिळाली म्हणून स्वस्तात द्यायचं बंधन नाही आणि महाग पडली म्हणून जास्त मागायचा हक्कही नाही. तशीच वस्तू, तशाच अवस्थेत, अलीकडे खरोखर कितीला गेली ही रास्त किमतीची एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे वस्तूतलं जे तुम्हाला माहीत आहे ते सगळं घेणाऱ्याला सांगणं. एवढं पाळलं तर चौपटही रास्त, आणि दोष लपवला तर सव्वापटही लूट.

ऑनलाइन दिसणारी तिप्पट ही मागणीची किंमत आहे. महिनोन्‌महिने न खपलेला मालच यादीत सर्वांत जास्त दिसतो, हे लक्षात ठेवा. झालेल्या विक्रीचे किमान पाच-सहा दाखले काढा. लाकूड, माप, घडण आणि अवस्था जुळली पाहिजे. सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त दाखला बाजूला ठेवून मधला आकडा घ्या. तुम्ही पाठवलेल्या दाखल्यांतून दुरुस्त कपाटाला १५० आणि सहा धड खुर्च्यांच्या संचाला ९०, मिळून २४० निघतात. ३०० नाही.

सगळं दुरुस्त करून २४० ला विकलं तर काय होतं पाहा. विक्रीचं कमिशन १० टक्के, म्हणजे २४. पोहोचवण्याचा खर्च ८, दुरुस्तीचं सामान आणि सुतार मिळून २७. सहा महिने लागतील असं धरलं तर जागेचं भाडं महिना २ प्रमाणे १२. उरले १६९. त्यातून तुमचे २० तास, तासाला दीड या दराने ३०, वजा करा. उरले १३९. आजच्या १५० पेक्षा कमी! घरचे तास फुकट धरले की हा धंदा नेहमीच फायद्याचा दिसतो.

पैसे आणि वेळ खुर्च्या खातायत. २७ पैकी २२ आणि २० तासांपैकी १५ त्यांचेच. डगमगणाऱ्या खुर्चीचा सांधा नुसता पांढरा गोंद ओतून बसत नाही, कारण जुन्या सरसाच्या (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या गोंदाच्या) थरावर नवा गोंद धरत नाही. सांधा पूर्ण सोडवायचा, कोमट पाण्याने जुना सरस काढायचा, लाकूड वाळू द्यायचं, मग सरस लावून क्लॅम्पमध्ये (शिकंज्यात) रात्रभर ठेवायचा. खिळा किंवा स्क्रू मारून घट्ट केलेली खुर्ची जाणकाराच्या नजरेला लगेच पडते आणि भाव उतरतो. सुट्या निघणाऱ्या सहा बैठकांना साधारण दोन मीटर कापड लागतं. मोठी नक्षी जुळवायची असेल तर त्याहून जास्त. म्हणून खुर्च्या आहेत तशा एखाद्या गादीकाम करणाऱ्याला ४५ ला द्या, नेणावळ त्याची. सहाचा संच मात्र फोडू नका. दोन विकल्या गेल्या की उरलेल्या चारांचा नगामागचा भावही पडतो.

कपाटाचं काम फक्त ५ चं आणि पाच तासांचं आहे. चार महिन्यांत १५० ला गेलं तर कमिशन १५, पोहोचवणं ५, काम ५, भाडं ८ आणि मजुरी साडेसात जाऊन १०९.५ उरतात. खुर्च्यांचे ४५ मिळवून १५४.५.

तेव्हा त्या गृहस्थांकडे १६० मागा. १५५ ला तयार झाले तर देऊन मोकळे व्हा. १५० वरच अडून बसले तर कपाट कितीला जाईल यावर निर्णय ठेवा. ते १४५ च्या खाली गेलं तर थांबून काहीच मिळवलं नाही असं होईल. आणि बोलीचे पैसे कर्जाऊ असतील तर १५० आजच घ्या. व्याज धरलं की थांबण्यात फायदा उरत नाही.

नकार देण्याआधी कपाट उघडून बघा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यांतले डव्हटेल सांधे (पंख्यासारख्या दातांनी एकमेकांत अडकवलेले) सगळ्या ड्रॉवरना सारखेच आहेत का? एकाचेच वेगळे असतील तर तो ड्रॉवर दुसरीकडून आलाय. मुठी बदलल्याचं तुम्ही लिहिलंय. जुनी भोकं ड्रॉवरच्या आतल्या बाजूला बुजवलेली दिसतील. तसं असेल तर मूळ मुठींच्या कपाटांचे दाखले धरू नका, जाहिरातीतही स्पष्ट लिहा. एक-दोन मिलीमीटरची गोल भोकं दिसली तर ती किड्यांची. खाली काळा कागद अंथरून काही आठवडे ठेवा. फिकट ताजी भुकटी पडत राहिली तर कीड बहुधा जिवंत आहे. आधी उपचार, मग विक्री.

पॉलिशच्या बाबतीत हात आखडता घ्या. न दिसणाऱ्या जागी कापसावर थोडं स्पिरिट घेऊन टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश आहे. ते घासून काढून वर पॉलियुरेथेन (प्लास्टिकसारखा चकचकीत थर देणारं वार्निश) चढवलं की कपाट चकाकतं आणि जुन्याच्या शौकिनाच्या दृष्टीने त्याची किंमत जाते. मळ पुसा, मेण लावा, थांबा. जाहिरात १६५ ला टाका, म्हणजे घासाघिशीला जागा राहील.

पुढच्या लिलावात उलटा हिशेब करून जा. १५० ला जाईल अशा कपाटातून वरचे सगळे खर्च वजा जाता १०९.५ राहतात. आणण्याचे १० आणि नफा व अनपेक्षित दुरुस्ती मिळून २५ काढा : ७४.५. बोलीवर कमिशन आणि कराचे २४ टक्के चढतात, म्हणून याला १.२४ ने भागा, म्हणजे ६०. ही तुमची शेवटची बोली, कागदावर लिहून नेलेली. सभागृहात सर्वांत जास्त बोली लावणारा बहुधा तोच असतो ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकलेला असतो.

बचतीला हात लावण्याची घाई नको. निदान सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम यापासून वेगळी ठेवा, कारण फर्निचर मनात आलं त्या दिवशी विकलं जात नाही. आधीचा माल खपून पैसे हाती येईपर्यंत नवा लॉट घेऊ नका.

लिलावाची पावती, वाहतुकीचं बिल, सुताराची पावती जपून ठेवा. जुन्या वस्तूंच्या व्यापारात अनेक देशांत विक्रीकर पूर्ण किमतीवर न लागता खरेदी-विक्रीतल्या फरकावर लावण्याची सोय असते, पण खरेदीचा पुरावा लागतो. ती तुम्हाला लागू होते का, आणि नियमित विक्री सुरू केल्यास नोंदणी लागेल का, हे करसल्लागाराला दुसरा लॉट घेण्याआधी विचारा.