‘व्हिप काढून घेतला’ म्हणजे मोकळीक दिली?

एका विद्यार्थिनीने विचारलंय : ब्रिटनच्या राजकारणावर इंग्रजीत बोलताना ‘द पार्टी हॅज विथड्रॉन द व्हिप’ म्हटलं, तर पक्षाने आदेश मागे घेतला आणि खासदार हवं तसं मत द्यायला मोकळा झाला, असंच ना? आणि ‘पार्टी’पुढे ‘हॅज’ की ‘हॅव’?

नाही, अजिबात नाही. हा घोळ मी इतक्यांदा ऐकलाय की आता राग येतो. व्हिप काढून घेतला म्हणजे त्या खासदाराला पक्षाच्या संसदीय गटातून हाकललं. ३ सप्टेंबर २०१९ला ब्रेक्झिटच्या मतदानात सरकारविरुद्ध गेलेल्या २१ खासदारांचा व्हिप बोरिस जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाने काढून घेतला. त्यांत खुद्द चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. खासदारकी मात्र कोणाचीच गेली नाही. आपल्याकडे १९८५च्या पक्षांतरबंदीपासून आदेश मोडला तर सदस्यत्वावरच गदा येते, म्हणून आपला गोंधळ आणखी वाढतो.

इथे ‘व्हिप’ म्हणजे पक्षाकडून खासदारांना आठवड्याचं कामकाज कळवणारा कागद. महत्त्वाच्या मतदानाखाली तीन रेघा ओढतात, म्हणून ‘थ्री-लाइन व्हिप’. तो कागद यायचा थांबला की तुम्ही गटाबाहेर. ‘लूज द व्हिप’ म्हणजे काढलं जाणं, ‘रिझाइन द व्हिप’ म्हणजे आपणहून बाहेर पडणं, ‘डिफाय द व्हिप’ म्हणजे आदेश झुगारणं. सगळीकडे ‘द’ हवाच. तुम्हाला जी मोकळीक म्हणायचीय, तिला ‘फ्री व्होट’ म्हणतात.

पण ‘व्हिप’ म्हणजे मुळात चाबूक. हा चाबूक संसदेत शिरला कुठून? पाठीवर फटके ओढण्यावरून, असं बेधडक सांगणारे पुष्कळ आहेत. साफ चूक. इंग्रज उमराव कोल्ह्याच्या शिकारीला निघत तेव्हा कुत्र्यांच्या टोळीबरोबर ‘व्हिपर-इन’ नावाचा गडी असे. एखादं कुत्रं वास चुकून भलतीकडे धावलं की त्याला परत टोळीत आणायचं, हे त्याचं काम. सगळी मौज त्या चिमुकल्या ‘इन’मध्ये आहे! पुढे ‘इन’ गळून पडलं आणि नुसता चाबूक उरला. या शब्दाचं श्रेय ब्रिटिश खासदार एडमंड बर्कच्या १७६९च्या भाषणाला देऊन मोकळं होणाऱ्यांनी जरा मागे जावं. १७४२च्या एका पत्रात हेनेज फिंच लिहितो की या वेळी व्हिग लोकांनी टोरींपेक्षा (हे तेव्हाचे दोन प्रतिस्पर्धी पक्ष) आपली माणसं चांगली हाकून आणली. बर्कने रूढ शब्द उचलला, घडवला नाही.

पक्षाची माणसं अशी हाकून आणणाऱ्या पदाधिकाऱ्यालाही ‘व्हिप’च म्हणतात. म्हणूनच त्याच्यासाठीचा मराठीतला ‘प्रतोद’ मला मुळीच पटत नाही. कोशकारांनी चाबूक पाहिला आणि संस्कृतातला चाबूक आणून ठेवला. प्रतोद ‘तुद्’ धातूपासून आला, तुद् म्हणजे टोचणं. महाभारतात भीष्मांवर धावून जाणाऱ्या कृष्णाच्या हातात प्रतोद आहे, कारण तो सारथी आहे. पण रथाचे घोडे जुंपलेले असतात, ते भरकटणार कुठे? त्यांना पुढे दामटायचं असतं. शिकारी कुत्री मोकळी असतात, त्यांना आत आणायचं असतं. या दोन कामांचा एकमेकांशी काय संबंध? आणि या कामाला नेमकं क्रियापद आपल्या खेड्यापाड्यांत आहे : गुरं वळणं. बांधाकडे निघालेली गाय कळपात परत आणतो तो गुरं वळतो. विधिमंडळातला हा पदाधिकारी दुसरं काय करतो? दुसऱ्या पक्षाच्या बांधाकडे निघालेले आमदार वळतो. ‘वळणं’वरून शब्द घडवला असता तर गावातल्या शाळकरी पोरालाही तो न सांगता कळला असता. त्याऐवजी आपण असा शब्द घेतला, जो पत्रकारांनाही समजावून सांगावा लागतो.

‘हॅज’ की ‘हॅव’ राहिलंच. ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात, तुम्ही ‘हॅज’ वापरा.