मिसळ घरची, कट बेताचा

प्रश्न : रविवारी नाष्ट्याला मिसळ ठरलेली. पण पोरांना कटाचं तेल सोसत नाही आणि मोड आणलेल्या मटकीला वास येतो. काय करावं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : वास येतो तो साचलेल्या पाण्यामुळे. चौघांसाठी 1 वाटी मटकी 8 तास भिजवा, चाळणीत पुरती निथळा आणि मगच फडक्यात सैल बांधा. गच्च बांधली की हवा लागत नाही, मटकी चिकट होते. मुलांना मोड शिजवूनच द्या.

कटाला 2 चमचे तेल बास. दाटपणा भाजलेल्या सुक्या खोबऱ्यातून, तिळातून आणि कांद्यातून येतो. कांदा-लसूण चटणी मंद आचेवर घाला. कडकडीत तेलात ती जळून कडवट लागते. चटणीत मीठ असतंच, वरचं मीठ चव बघूनच. फरसाण मूठभरच. लिंबू मात्र पिळाच, मटकीतलं लोह अंगी लागायला मदत होते. पावाऐवजी ज्वारीची भाकरी? कुरकुर होईल, पण पोट जास्त वेळ भरलेलं राहील.