फर्मेंटरसाठी सिलिकॉन अँटीफोम घ्यावा की पॉलिग्लायकॉल?

फर्मेंटरमधला (जंतू वाढवायच्या टाकीतला) फेस मारणाऱ्या अँटीफोमचे दोन्ही नमुने सिलेंडरमध्ये हलवून पाहिले, सिलिकॉननं फेस चुटकीसरशी बसवला, मग तोच घ्यावा ना, असं तुम्ही विचारलंय. फेस बसल्यावर तो माल पुढे मेंब्रेनवर (अतिबारीक छिद्रांच्या गाळणीवर) जातो की नाही, हे मात्र लिहिलंच नाही. खरी गोम तिथेच असते.

मी एका एन्झाइम प्लांटच्या अल्ट्राफिल्ट्रेशनवर, म्हणजे मेंब्रेननं गाळायच्या विभागात होतो. प्रॉडक्शनच्या साहेबांनी अशीच सिलेंडर-परीक्षा घेतली आणि सिलिकॉन इमल्शन पास केलं. फर्मेंटरवाले खूश. आमच्याकडे मात्र फ्लक्स, म्हणजे मेंब्रेनमधून गाळून येण्याचा वेग, बॅचगणिक उतरायला लागला. कॉस्टिक सोड्यानं धुवा, हायपोक्लोराइटनं धुवा, पाण्याचा फ्लक्स काही पूर्वीसारखा येईना. मीटिंगमध्ये ठरलेलं वाक्य असायचं: 'तुमचं सीआयपीच (जागेवरची धुलाई) नीट होत नाही.' शेवटी मी बॅचशीटवरून प्रत्येक बॅचला किती अँटीफोम गेला ते काढलं आणि त्यासमोर फ्लक्स मांडला. जास्त डोस, कमी फ्लक्स, अगदी सरळ. त्यातल्या सगळ्यात वाईट बॅचमध्ये फोम प्रोबला (फेस ओळखून अँटीफोमचा पंप चालू करणाऱ्या काडीला) मळी चिकटलेली होती. फेस नसतानाही प्रोब 'फेस आहे' म्हणत राहिला आणि पंप ओतत राहिला. त्यावर साहेब म्हणाले, 'योगायोग असेल.' मेंब्रेन बदलायचा खर्च अर्थातच आमच्या खात्यावर पडला.

सिलिकॉन तेल आणि त्यातली जलविरोधी सिलिका पॉलिसल्फोनसारख्या प्लास्टिकच्या मेंब्रेनला चिकटली की कॉस्टिकला दाद देत नाही. पॉलिग्लायकॉलपैकी पॉलिप्रॉपिलीन ग्लायकॉलचं वेगळं आहे. क्लाउड पॉइंट नावाच्या ठराविक तापमानाच्या वर ते पाण्यातून सुटून थेंब होतं आणि फेस मोडतं; खाली ते विरघळलेलं राहतं. म्हणून फर्मेंटर क्लाउड पॉइंटच्या वर चालवायचा आणि ब्रॉथ (फर्मेंटरमधला द्रव) गार करून त्याच्या खाली गाळायचा. गरम ब्रॉथ तसाच गाळलात तर हेही मेंब्रेन बुजवतं, मग मला बोल लावू नका.

ऑक्सिजनचंही बघा. कुठलाही तेलकट अँटीफोम बुडबुडे एकत्र करून मोठे करतो, त्यामुळे डोस पडला की डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) खाली येतो. म्हणजे पाहायचं ते हे: तुमच्याच ब्रॉथमध्ये, तुमच्याच तापमानाला, हवा चालू ठेवून फेस किती वेळ दबून राहतो आणि त्यासाठी एकूण किती माल लागतो. पहिल्या झटक्यात किती बसला याला किंमत नाही. आणि हवा गरजेपेक्षा जास्त सोडली असेल तर आधी ती कमी करा. आमच्याकडे हे सुचवणाऱ्याला आगाऊ म्हणायचे.

सिलिकॉन इमल्शन पाण्यात पातळ करून टाकीत दिवसचे दिवस ठेवू नका, ते फुटतं, म्हणजे तेल वेगळं होतं.

निवडीच्या कागदावर मेंब्रेनवाल्याची सही घ्या. ट्रायलच्या आधी, नंतर नाही.

हां, पुढे मेंब्रेन नसेलच आणि सेंट्रिफ्यूजनंतर माल थेट वाळवायचा असेल, तर सिलिकॉन खुशाल घ्या, डोस कमी लागतो. खाण्याचा पदार्थ असेल तर फूड ग्रेडच हवा, आणि अंतिम मालात किती उरतो तेही तपासा. अमेरिकेच्या नियमात खायला तयार पदार्थात सर्वसाधारण मर्यादा 10 पीपीएम (दहा लाखांत 10 भाग) आहे.