ताईंना विचारा : सहलीची भीती, कुलपातली पुस्तकं आणि बिनदप्तराचा शनिवार

या महिन्यात पत्रं नि व्हॉट्सअ‍ॅप मिळून बरेच प्रश्न आलेत, जवळजवळ सगळे बडोद्यातल्या बालवाटिका (पहिलीच्या आधीचं वर्ष) ते पाचवीच्या पालकांचे. शाळा सुरू होऊन, प्रवेशोत्सव होऊन आता सगळं रुळावर आलंय, गणपती तोंडावर आहेत आणि दिवाळीनंतरचे बेत शाळांनी कळवायला सुरुवात केलीये, त्यामुळे प्रश्न पण तसेच. सगळे घेता आले नाहीत, उरलेले पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न : ताई, माझा मुलगा तिसरीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर सहल नेणार असा शाळेतून मेसेज आलाय आणि तो आत्तापासूनच डब्यात काय न्यायचं ते ठरवतोय. पण हरणीचं झाल्यापासून माझं मनच धजत नाहीये. घरचे म्हणतात सगळे जातायत, तू एकटीच अडवतेस. काय करू?
— एक आई, वाघोडिया रोड

उत्तर : तुम्ही एकट्या नाही आहात हो. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, आणि बडोद्यात ज्याच्या घरी शाळेत जाणारं पोर आहे तो ते विसरूच शकत नाही. मी रोज तेवढ्याच वयाच्या मुलांसमोर उभी राहते, मला विचारा. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण बसवले होते आणि बऱ्याच जणांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हती, म्हणजे नशीब फुटकं वगैरे म्हणून सोडून द्यायची ती गोष्टच नाही, चढायच्या आधी मोजता आलं असतं ते कोणी मोजलं नाही. म्हणून भीती गिळून टाकू नका, शाळेला विचारा, आणि लेखी विचारा. नेमकं कुठे नेणार, बसमधे सीट किती नि मुलं किती, किती मुलांमागे एक मोठं माणूस, पाण्यात उतरणं किंवा बोट, राइड असलं काही आहे का, वाटेत थांबलं की मुलं कोण मोजणार आणि पालकांचे नंबर असलेला कागद कोणाच्या पर्समधे असणार. जी शाळा या प्रश्नांना वैतागेल तिथे पाठवू नका, हे मी अगदी स्पष्ट सांगते.

आमच्या शाळेत यंदा असं ठरलंय की प्राथमिकची सहल गावाबाहेर न्यायची नाही, पाणी नाही, राइड नाही, आणि दर आठ मुलांमागे एक मोठं माणूस, त्यात वर्गातले दोन-दोन पालक पण. तिसरीला कमाटीबागेतल्या म्युझियममधे नेणार आहोत. तुम्ही म्हणाल तिथे तर आम्ही दर रविवारी जातो, पण बागेत जाणं वेगळं आणि हातात कागद-पेन्सिल घेऊन त्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्याखाली अर्धा तास बसणं वेगळं. मुलं आधी त्याचे दात शोधतात, सगळीच शोधतात, एवढा मोठा प्राणी म्हणजे दात किती मोठे असतील म्हणून, आणि दात सापडतच नाहीत कारण त्याला दात नसतातच, मग खातो काय नि कसा यावर जी बडबड सुरू होते ती परत येईपर्यंत बसमधे संपत नाही.

आणि एवढं सगळं विचारून पण मन तयार झालं नाही तर नका पाठवू. त्याला तसं नीट सांगा, स्वतः घेऊन जा, आणि वर्गात त्याला कोणी चिडवणार नाही हे बघायचं काम आम्हा शिक्षकांचं.

प्रश्न : नात चौथीत आहे. शाळेत पुस्तकं पुष्कळ आहेत असं ऐकतो पण तिने आजवर एकही घरी आणलेलं नाही. विचारलं तर म्हणते कपाट वरच्या मजल्यावर आहे आणि किल्ली बेनकडे (म्हणजे बाईंकडे) असते. सयाजीरावांच्या गावात ही परिस्थिती असावी?
— एक आजोबा, दांडिया बाजार

उत्तर : आजोबा, तुमची नात आमच्याच शाळेत आहे हे पत्रावरून कळलंच, आणि तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. कुलपाचं कारण तेवढं सांगते. २०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्री नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटाच्या खालच्या दोन फळ्या पाण्याखाली गेल्या. चित्रांची पुस्तकं गुळगुळीत कागदाची असतात ना, ती पानं एकमेकांना अशी चिकटली की सोडवायला गेलं की अर्धं चित्र या पानावर नि अर्धं त्या पानावर, गच्चीत उन्हात घातली तरी वास गेला नाही. जी वाचली ती वर नेली आणि कुलूप लागलं. पाण्यापासून पुस्तकं वाचली पण मुलांपासून पण लांब गेली, आणि मुलांच्या हाताला न लागणारं पुस्तक भिजलं काय नि कोरडं राहिलं काय, सारखंच.

तुम्ही सयाजीरावांचं नाव काढलंत म्हणून लिहिते. नाशिककडच्या कवळाण्याचा मुलगा, १८७५ मधे दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला, अक्षरओळख खऱ्या अर्थाने त्यानंतर झाली, आणि त्याच माणसाने १८९३ मधे अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं नि १९०६ मधे सगळ्या संस्थानात. बरं, नुसत्या शाळा काढून थांबले नाहीत, शाळेत शिकलेली अक्षरं पुढे विसरून जाऊ नयेत म्हणून १९१० मधे अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले, मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररी उभं राहिलं आणि खेड्यांसाठी फिरती वाचनालयं निघाली, पेटीत पुस्तकं भरून गावाला पाठवायची, वाचून झाली की परत. मला यात सगळ्यात जास्त भावतं ते हे की माणूस पुस्तकापर्यंत येईल याची वाट बघितली नाही.

तर आम्ही तेच करणार आहोत. गणपतीनंतर प्रत्येक वर्गात एक पत्र्याची पेटी, पेटीत तीसेक पुस्तकं, मराठी गुजराती हिंदी मिक्स, कुलूप नाही. कोण काय घेऊन गेलं हे मुलंच वहीत लिहिणार आणि महिना झाला की तिसरीची पेटी चौथीत, चौथीची पाचवीत. फाटलं तर दंड नाही, पेटीतच चिकटपट्टी ठेवणार, ज्याच्याकडून फाटलं त्याने चिकटवायचं. पावसाचा जोर वाढला तर पेट्या उचलून वर नेणं कपाट हलवण्यापेक्षा कितीतरी सोपं. आता माझी तुम्हाला विनंती, शनिवारी अर्धा तास येऊन चौथीला मोठ्याने वाचून दाखवाल का? आमच्या मुलांमधे घरी मराठी बोलणारी खूप आहेत पण मराठी वाचताना अडखळतात, शाळेत गुजराती, ट्यूशनला इंग्लिश, मराठी कानावर पडते ती फक्त जेवताना. आजोबांच्या आवाजात ऐकली तर फरक पडतो, मी बघितलंय.

प्रश्न : मुलीला जुलैमधे सहा पूर्ण झाली, एका महिन्यासाठी तिला पहिलीत घेतलं नाही, बालवाटिकेत बसवलं. तिला वाचता पण येतं. वर्ष फुकट गेलं ना?
— एक बाबा, मांजलपूर

उत्तर : गुजरातमधे २०२३-२४ पासून १ जूनला सहा पूर्ण असतील तरच पहिली, त्यात शाळेला काही करता येत नाही, म्हणून ऑफिसमधे भांडून उपयोग नाही. आणि फुकट अजिबात गेलं नाही. वाचता येणं ही एक गोष्ट, पण डबा स्वतः उघडणं, आपला नंबर येईपर्यंत थांबणं, बोटांना पेन्सिलीची सवय होणं, हे सगळं याच वर्षात होतं. तिला घरी पहिलीची पुस्तकं मात्र घोकायला लावू नका, नाहीतर पुढच्या जूनमधे वर्गात कंटाळून बसेल. गोष्टी वाचू देत, हव्या तेवढ्या.

प्रश्न : शनिवारी दप्तर नाही म्हणजे मुलं नुसतीच जाऊन येतात का? त्यापेक्षा सुट्टीच द्या.
— एक आई, कारेलीबाग

उत्तर : सुट्टी नको हो, शनिवारची तर मुलं वाट बघतात! २०२५ च्या जुलैपासून आपल्याकडे पहिली ते आठवीला शनिवारी दप्तर नाही. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको असं २०२० च्या केंद्राच्या धोरणात आहे, म्हणजे २० किलोच्या मुलाला २ किलो, आता आज घरी वजनकाट्यावर ठेवून बघा तुमच्या मुलाचं किती भरतं ते. अर्थात शाळेने शनिवारी काही ठरवलंच नसेल तर तुमची तक्रार खरी आहे, मुलं नुसती वर्गात कोंडून ठेवली तर त्याला काही अर्थ नाही. आम्ही सकाळी खो-खो, मग हाताचं काम असं ठेवलंय. गेल्या शनिवारी शाडूचे गणपती केले, पहिलीतल्या एकाची सोंड सारखी गळून पडत होती तर त्याने शेवटी गणपती आडवा झोपवला आणि म्हणाला बाप्पा दमलाय, आम्ही तो तसाच ठेवलाय. पुढे पाचवीला चालत तांबेकर वाड्यात नेणार आहोत, बडोद्याच्या दिवाणांचा जुना वाडा, भिंतीभर चित्रं, आणि इतक्या जवळ असून मुलांनीच काय, त्यांच्या आईबाबांनी पण आतून बघितलेला नसतो.

प्रश्न : पेटीसाठी घरची पुस्तकं दिली तर चालतील का?
— बऱ्याच जणांनी विचारलंय

उत्तर : हो, जरूर द्या. गाईड, जुन्या स्वाध्यायपोथ्या, डायऱ्या नकोत. गोष्टींची, चित्रांची, प्राण्यांची, प्रयोगांची हवीत, अक्षर मोठं असेल तर पहिली-दुसरीला फारच कामाची. मराठी बालसाहित्य आम्हाला सगळ्यात कमी मिळतं, पुण्या-मुंबईला दिवाळीत जाणार असाल तर तिकडून चार आणलीत तरी खूप. पहिल्या पानावर मुलाचं नाव घालून द्या, कोणाकडून आलंय हे दुसऱ्या मुलाला कळलं की ते दोघं त्याबद्दल बोलतात. शनिवारी साडेअकरापर्यंत शाळेच्या ऑफिसमधे ठेवलीत तरी चालेल, पिशवीवर इयत्ता लिहा.